तेवीस मैलांवरचा चोर

"तार कारल्याचा वेल चढवाले घेतली जी. खांबाखाली पडेल होती, तुमच्याच मानसाईनं टाकेल," काशिराम माळी चौथ्यांदा सांगत होता आणि आमचे तारखात्याचे इन्स्पेक्टर साहेब चौथ्यांदा ऐकत नव्हते.

मी तेव्हा अकोल्याच्या तार ऑफिसात सिग्नलर, म्हणजे तारा पाठवणारा, होतो. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलेलं, आणि नेमकी बडनेऱ्याची तारेची लाइन तीन दिवस मुकी. व्यापारी दारात ठाण मांडून बसलेले. साहेबांना कोणीतरी गुन्हेगार हवा होता. मूर्तिजापूरला लाइनलगत काशिरामची भाजीची बाडी. तिथल्या मांडवाला हातभर तार सापडली. झालं, तार तोडून चोरली म्हणून पहिल्याच दिवशी रेल्वेत घालून आणला त्याला. दुपारी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करणार होते, म्हणजे तुरुंग ठरलेलाच.

माझं डोकं तापलं ते यासाठी, की काटा कोणी बघितलाच नव्हता. लाइनमधून किती करंट जातो हे सांगणारा काटा टेबलावरच असतो. तार तुटून लोंबत असेल तर तो हलत नाही. आमचा काटा पार पलीकडे गेलेला. म्हणजे करंट जात होता, आणि नको तितका!

व्होल्ट, अँपिअर, ओहम ही आत्ताची नावं तेव्हा आमच्या तोंडी नव्हती. हिशेब मात्र हाच. बॅटरी वीस व्होल्टची. करंट पॉइंट चार अँपिअर. व्होल्टला करंटने भागलं की वाटेतला अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, निघतो. आला पन्नास ओहम. त्यातले चाळीस बॅटरीचे स्वतःचे. उरले दहा. आमच्या लोखंडी तारेचा रेझिस्टन्स मैलाला दहाच. म्हणजे करंट फार तर मैलभर जाऊन जमिनीत उतरत होता.

आणि व्होल्टला करंटने गुणलं की पॉवर मिळते. इथे आठ वॅट. चांगल्या लाइनला एकसुद्धा लागत नाही. म्हणून बॅटरीतलं निळं मोरचूद तीन दिवसांत संपत आलं होतं. त्याची चोरी साहेबांनी माझ्या माथी मारलेली, ते वेगळंच.

"साहेब, दोष एका मैलाच्या आत आहे. याची बाडी तेवीस मैलांवर," मी हिशेबाची पाटी पुढे धरली.

साहेब म्हणाले, मांडवात तार सापडली आहे, पाटी काय दाखवतोस. मग मी चिडून बाहेर बसलेल्या व्यापाऱ्यांनाच पाटी वाचून दाखवली. ते लाइन बघायला उठले, तेव्हा साहेबांनाही उठावं लागलं.

मैल पुरा व्हायच्या आत मालधक्का लागला. कापसाच्या गाठींची थप्पी खांबाच्या डोक्यापर्यंत रचलेली, वर आणि बाजूंनी टिनाचे पत्रे. वरचा एक पत्रा घसरला होता. त्याची वरची कड आमच्या तारेला टेकलेली, खालची बाजूच्या पत्र्याला, आणि तो पत्रा रुळाला, म्हणजे थेट जमिनीला. लाइनखाली गाठी रचायची परवानगी कोणाची? साहेबांची, सहीनिशी.

पत्रा ओढला आणि बडनेरा बोलू लागलं.

काशिरामला सोडलं. त्याने एकच विचारलं, "मंग मले काहून धरलं जी?" साहेब खांब तपासायला लागले. तीन दिवस पाण्याविना त्याची रोपं वाळून गेली होती.

साहेबांचा रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने तारेने पाठवला: 'माळ्यास समज देऊन सोडले. लाइन सुरू.' पत्र्याचा उल्लेख नाही. शरम कशी ती नाही!

माणसाला धरण्याआधी एक भागाकार करून पाहावा. पाटीवर दोन ओळींत होतो.