हेल्मेटमधला मिशीवाला

शुक्रवारी दुपारी केजहून फ्लेक्सचा गठ्ठा आला आणि नांदूरघाटच्या आमच्या शाळेत माझं बीपी वाढलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं... माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला, त्या काळातल्या जुन्या फोटोंचं.

मी विज्ञान शिकवते. हे फोटो मी उन्हाळ्यापासून इंटरनेटवरून एकेक करून जमवले होते. काही काळे-पांढरे, काही रंग उडालेले, काही चक्क हललेले. मला ते तसेच हवे होते, आणि फ्लेक्सवाल्या बबलूला मी परत परत बजावलं होतं की बाबा, यातलं काही म्हणजे काही बदलू नकोस.

तो दरवेळी म्हणाला, टेन्शन घेऊ नका मॅडम. तिथेच मला टेन्शन यायला हवं होतं.

पहिला फ्लेक्स उलगडला. यानाबाहेर तरंगणारा माणूस... आणि त्याला यानाशी बांधून ठेवणारी दोरी गायब. बिचारा कायमचा सुटलेला.

दुसरा उलगडला, तर चंद्रावरचं काळं आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं. उन्हात चकाकणाऱ्या जमिनीचा फोटो काढताना कॅमेऱ्यात चांदण्या येत नाहीत, हे मी मुलांना समजावून समजावून थकले होते. फोटोंवर बारीक फुल्या होत्या, मोजमापासाठी कॅमेऱ्यातल्या काचेवरच कोरलेल्या... त्याही साफ पुसलेल्या.

फोन लावला. बबलूचा आवाज एकदम खुशीत. वायर मधे येत होती म्हणून काढली, आभाळ रिकामं दिसत होतं म्हणून भरलं, आणि डाग तर म्हणे रात्री जागून घालवले. कौतुक व्हावं अशी त्याची अपेक्षा होती.

वर म्हणाला, "आन् त्या चंद्रावरच्या माणसाचा चेहराच दिसत न्हवता मॅडम. त्यो पण टाकलाय."

मी घाईघाईने शेवटचा फ्लेक्स उघडला. चंद्रावर उभा असलेला अंतराळवीर... आणि हेल्मेटच्या काचेमागे एक गोरापान, गालात हसणारा, मिशीवाला गृहस्थ. एखाद्या सत्काराच्या बॅनरवर सहज खपला असता.

मला फक्त रडायचं बाकी होतं. कारण खरी गोष्ट त्या काचेतच होती. मूळ फोटोत तिथे चेहरा नाहीच, समोरच्याचं प्रतिबिंब आहे... फोटो काढणारा दुसरा अंतराळवीर, पांढऱ्या ठिपक्याएवढा.

नववीतल्या प्रतीक्षाने हाच फोटो मागून घेतला होता. हजेरीलासुद्धा जिचा आवाज जेमतेम निघतो, अशी ही मुलगी. तिच्या चुलत्यांना गावात सगळे नाना म्हणतात. नाना मोबाईलवरचे कसले कसले व्हिडिओ बघतात आणि पारावर बसून सांगतात की चंद्रावर कुणी गेलंच नाही. माणूस उतरला म्हणता, मग समोर उभं राहून त्याचा फोटो कुणी काढला? प्रतीक्षाला नानांना ती काच दाखवायची होती.

बबलूला परत छापून मागितलं. म्हणाला, मशीनवर वाढदिवसाचं मोठं काम चढलंय, सोमवारशिवाय जमणार नाही. मी फोन ठेवला... आपटला म्हटलं तरी चालेल.

शनिवारी सकाळी मी तो फ्लेक्स उतरवायला गेले. प्रतीक्षाने माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमचा मोबाईल तेवढा द्या मला."

नाना आले ते चार माणसं सोबत घेऊनच. मिशीवाला दिसला आणि त्यांना हसू आवरेना. "बघा. म्या काय म्हणत होतो? चिटकवलाय."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. प्रतीक्षा मात्र जागची हलली नाही. "व्हय नाना, ह्यो खोटाच हाय. केजला केलाय. आता खरा बघा." आणि तिने माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला.

नानांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला... आणि काचेतल्या ठिपक्यापाशी थांबले. हा कोण, म्हणून विचारलं.

"फोटू काढणारा," प्रतीक्षा म्हणाली. "चंद्रावर पयला पाय त्यानंच ठिवला."

आता नानांना त्या पहिल्या माणसाचा मोठा फोटो हवा झाला. मी सांगितलं की कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याच जवळ होता, त्यामुळे चंद्राच्या जमिनीवर तो स्वतः नीट दिसेल असा फोटो जवळजवळ नाहीच. एवढ्या लांब जायचं, सगळ्यांच्या आधी उतरायचं आणि फोटो दुसऱ्याचा काढून परत यायचं... हे काही नानांच्या डोक्यात बसेना.

आता वेळ आली म्हणून मी माझे पुरावे सांगायला तोंड उघडलं. तिकडून आणलेले दगड, तिथे ठेवून आलेले आरसे, सगळं पाठ होतं. नानांनी मला हातानेच थांबवलं आणि सोबतच्यांकडे वळले.

"मंग खरं आसंल. खोटंच करायचं आसतं, तर त्यानं आधी सवताचा फोटू लावला आसता."

चौघांनीही माना डोलावल्या. विषय संपला.

इतकी वर्षं मी घसा कोरडा करतेय, आणि माणसाला पटतं ते हे असं. चिडू की हसू, अजून ठरत नाही. पण प्रतीक्षा, तू हात धरला नसतास तर मी तो फ्लेक्स गुंडाळून ठेवला असता... आणि तुझा आवाज इतका खणखणीत आहे, हे मला कधी कळलंच नसतं. थँक यू, बाळा.