डाव्या चाकाची स्प्रिंग

मी जात्याच भित्री. फटाके नकोत, कुत्री नकोत, शेगडी पेटवतानासुद्धा मी हात लांब धरते. लग्न मात्र अशा माणसाशी झालं, की भीती म्हणजे काय हे त्यांच्या गावीही नव्हतं. लहानपणी अळणावरजवळच्या खेड्यात विटी-दांडू खेळताना विटी लागून त्यांचा डावा डोळा गेलेला. बाहेरून कळायचं नाही. आणि कुणाला सांगायचं नाही, हा त्यांचा घरातला कायदा.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा आम्ही हुबळीत, केशवापूरला राहत होतो. ते कापसाच्या गिरणीत फिटर, मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिक्षिका. दोघांच्या पगारातून एक जुनी, छोटी गाडी घेतली. चालवायचे ते, डावीकडं बसायची मी. "सायकल," "म्हैस," असं मी पुटपुटले की खेकसायचे, "दिसतंय मला!" दिसत कुठलं? धारवाडला जाऊन परत येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसायची आणि घरी आल्यावर भांडी आपटायची.

एके वर्षी पुढचं डावं चाक खड्ड्यात टकटक करायला लागलं. ब्रेक दाबला की गाडी पुढं वाकायची. गॅरेजवाला म्हणाला, स्ट्रट गेलाय. यांनी मला अंगणात बोलावून बॉनेट दाबून दाखवलं. एकदा उसळून थांबायची ती गाडी झुलतच राहिली.

"स्ट्रट म्हणजे तेलाची नळी आणि तिच्याभोवती स्प्रिंग," ते म्हणाले. "स्प्रिंग वजन पेलते, नळी तिला आवरते. नळी गळाली की स्प्रिंग मोकाट. तेवढी नळी बदलायची."

"आणि ती स्प्रिंग काढताना?"

"दाबून बसवलेली असते ती. वरचा नट काढला की उडते. म्हणून आधी बांधायची."

उडते म्हटल्याबरोबर मी दोन पावलं मागं सरले. मला ती विटीच दिसली. उरलेला डोळाही गेला तर? आमचं सगळं त्या एका डोळ्यावर चाललेलं. "गॅरेजात द्या हो," म्हणून मी हात जोडले. "गिरणीतली अख्खी यंत्रं खोलतो मी, हे तर खेळणं," म्हणाले. शेजारच्या कानडी अक्का दाराला लिंबू-मिरची बांधायच्या. आम्ही बौद्ध. भीती टांगायला आमच्या दाराला खिळाच नव्हता.

स्प्रिंग आवळून धरायचा शिकंजा घरात नव्हता. यांनी अक्कल लढवली. अक्कांना आणि त्यांच्या यजमानांना पुढच्या बंपरवर डाव्या टोकाला उभं केलं. अक्का अंगानं चांगल्या भरदार. गाडी खाली बसली, स्प्रिंग आखडली, तेवढ्यात यांनी चाकाच्या फटीतून हात घालून तिच्या वेढ्यांना गावाकडची बैलाची साखळी आवळून बांधली. वर उभ्या राहून अक्का हसत होत्या. "अंजब्याड तंगी, भिऊ नको! तुझा नवरा शाणा आहे." मला हसू येईना. शहाण्या माणसांचीच मला जास्त भीती वाटते.

मग जॅक लावला, चाक काढलं, स्ट्रट खोलून धुण्याच्या दगडावर आडवा ठेवला. हे वरच्या टोकाशी वाकून, नटाला अगदी तोंड लावून बसले. मी त्यांच्या डावीकडं. पाना फिरत होता, नट निघत आला होता आणि साखळीची एक कडी उघडत होती. माझ्या बाजूची. त्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. कसं कोण जाणे, दोन्ही हातांनी त्यांची कॉलर धरली आणि मागं ओढलं. दोघंही चिखलात आडवे झालो. त्याच क्षणी साखळी तुटली आणि ती स्प्रिंग त्यांचं डोकं होतं तिथनं जाऊन पाण्याच्या पिंपावर आदळली. पिंपाला ओंजळ मावेल एवढा पोचा पडला.

ते उठले नाहीत. उजव्या डोळ्यावर हात धरून तसेच बसले. मला वाटलं, गेला. हात ओढून काढला तेव्हा डोळा शाबूत होता, नुसता भ्यालेला. त्या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यानं मी आणखीच घाबरले.

"काय झालं? दिसलं नाही व्हय तुम्हाला?" अक्का विचारत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "डावीकडचं मला दिसत नाही."

पुढं गॅरेजवाल्यानं स्प्रिंग शिकंज्यात धरून नवी नळी बसवली. टकटक गेली.

नंतरच्या रविवारी धारवाडला निघालो. पहिल्याच चौकात त्यांनी गाडी थांबवली. मागून बसचा हॉर्न वाजायला लागला.

"डावीकडं काय आहे?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खिडकीतून मान बाहेर काढून दोनदा बघितलं. बस हॉर्न वाजवतच होती. मी बोलेपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही.