दयाराम ड्रेसरचा फेस

अमडापुरात दयारामांना कोणी नावाने हाक मारत नाही. ड्रेसरसाहेब म्हणतात. सरकारी दवाखान्यात त्यांची उभी हयात लोकांच्या जखमा धुण्यात गेली आणि त्यांचा सिद्धांत एकच होता: हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस आला की जखम साफ. जितका फेस जास्त, तितका पेशंट खूश.

मग त्यांच्या बायकोला, जनकाबाईंना, साखरेच्या आजारामुळे पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. बुलडाण्याच्या सर्जनने ती फक्त सलाइनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, धुवायला सांगितली. दयारामांनी मान डोलावली आणि घरी येऊन आपली बाटली काढली. जखम रोज चकाचक होत होती आणि रोज थोडी मोठी. शेवटी सर्जन म्हणाले, सोमवारपर्यंत जखमेची कड जिवंत दिसली नाही तर अंगठा काढावा लागेल.

हे ऐकून त्यांची मुलगी पायल नागपूरहून आली. तिकडे ती त्वचेतल्या प्रथिनांवर संशोधन करते. आल्याआल्या तिने बाटली कपाटात कोंडली आणि किल्ली आईला दिली. मग बापाला समजावलं. कातडी स्वतःच बारीक प्रथिनं तयार करते, त्यांना पेप्टाइडं म्हणतात. ती जंतू मारतात, पांढऱ्या पेशींना बोलावतात, आणि त्या पेशी भलत्याच चवताळू नयेत म्हणून त्यांना आवरतातही. साखरेच्या जखमेत ती मुळातच कमी असतात.

"म्हंजे तुमच्या दवाखान्यावानी स्टाफ कमी," पायल म्हणाली. "अन् जी कोवळी कातडी हा स्टाफ पुरवते, तिलेच तुमी रोज फेसात जाळून राह्यले."

"मंग जलमभर लोकायच्या जखमा काऊन भरल्या?"

"त्यायच्या त्यायनं भरल्या, बाबा. तुमी आडवे आले तरी."

त्या दिवसापासून सलाइनचं ड्रेसिंग दयारामांनीच केलं, पायलच्या नजरेखाली.

शनिवारी पाय लाल आणि गरम झाला. पांढऱ्या पेशी कामाला लागल्या असोत किंवा जंतू पसरले असोत, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पायललाही सांगता येईना. तिचे प्रयोग उंदरांवरचे होते. तिने सर्जनला फोन लावला. ते म्हणाले, अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू ठेवा, लालीभोवती पेनने रेघ ओढा, लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला तर लगेच घेऊन या.

रविवारी तिघं त्या रेघेकडे पाहत बसले. दयाराम चष्मा पुसत, वाकत, पुन्हा पुसत. दुपारी त्यांनी हळू आवाजात किल्ली मागितली.

"पाय माहा हाय," जनकाबाई म्हणाल्या. "अंगठा गेला तं माहा जाईन. तुमी हात मांडीखाली घालून बसा."

ते खरोखरच तसे बसले.

सोमवारी लाली रेघेच्या आत सरकली होती. सर्जनला कडेला गुलाबी कातडी दिसली. अंगठा तूर्त राहील म्हणाले, आणि ड्रेसिंग कोणी केलं ते विचारलं. दयारामांनी "मीच" म्हणून सांगितलं. पायल खिडकीबाहेर पाहू लागली.

घरी आल्यावर जनकाबाईंनी किल्ली परत दिली. दयारामांनी बाटली मोरीत रिकामी केली. बुळबुळीत फरशीवर भरपूर फेस आला. ते बघत उभे राहिले.

"आता रोज मोरीच धुवा," जनकाबाई आतून म्हणाल्या.