पत्तेवाले

कोर्टाच्या आवारात त्यांना सगळे पत्तेवाले म्हणत. उभ्या जन्मात त्यांनी रमीचा एक डाव टाकला नव्हता, पण समन्स बजावायला माणूस सापडत नाही असं कुणी कुरकुरलं की चारजण यांच्याकडे बोट दाखवत. एका फौजदारी वकिलाकडे ते एकतीस वर्षं कारकून होते. पोस्टमन, दूधवाला, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांशी गोडीगुलाबीने बोलून ते बेपत्ता माणूस हुडकून काढत आणि चिठ्ठीवर पत्ता खुणांसकट लिहून देत. चिठ्ठी घेऊन निघालेला कधी चुकला नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता, आणि अभिमान बाळगावा असं त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय?

एकदा वकीलसाहेब फाईल चाळता चाळता म्हणाले, "त्या साक्षीदार बाईला कुठे हलवलंय, बघा जरा."

ती बाई लाँड्रीत इस्त्री करायची. साहेबांच्या अशिलाने एकाला भोसकताना तिने पाहिलं होतं, म्हणून पोलिसांनी तिला दुसऱ्या गावात लपवलं होतं. पत्तेवाल्यांना चार दिवस लागले. त्यांनी चिठ्ठी दिली: निळं दार, जिन्याखाली गळका नळ, मजला तिसरा. साहेब "शाब्बास" म्हणाले. आठवड्याच्या आत ती बाई त्याच जिन्यावर मारली गेली.

कटात सामील म्हणून साहेबांना सात वर्षांची शिक्षा झाली. अपील केलं, जामीन मिळाला. पत्ता आवारात कानावर पडला आणि अशिलाशी बोलताना तोंडून निसटला, असं ते पहिल्यापासून सांगत आले. चिठ्ठी केव्हाच जळून गेली होती आणि कारकुनाचं नाव त्यांनी कुठे घेतलं नाही. लोक याला मोठं मन म्हणाले. म्हणोत बापडे. कारकुनाचं नाव निघालं असतं तर त्याला कामाला कुणी लावलं तेही निघालं असतं, एवढं न कळण्याइतके साहेब खुळे नव्हते.

आता वकिलांची शिस्तपालन समिती त्यांच्या सनदेचा निकाल लावणार होती. सनद गेली की काळा कोट कायमचा खुंटीला. साहेबांनी कारकुनाला बोलावून घेतलं.

"मी कसा माणूस आहे, एवढंच सांगा. बाकीचं मी बघतो."

घरी बायको म्हणाली, "त्यांनी तुमचं नाव पोटात ठेवलं. आता तुमची पाळी." पत्तेवाले अर्ध्या ताटावरून उठले. त्यांच्या डोळ्यांपुढून तो जिना हलत नव्हता. आपल्या पायांनी चढून मजले मोजून आले होते ते.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि वर पंखा कुरकुरत होता. साहेब साध्या शर्टात बसले होते. त्यांचा हात सारखा गळ्याशी जायचा आणि तिथे वकिलीचे पांढरे बँड नाहीत हे कळून खाली यायचा. पत्तेवाल्यांना त्यांची मनापासून दया आली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबावं, असं समितीलाही वाटू लागलं होतं. बोलण्याच्या ओघात कुणाचीही जीभ घसरते.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय सांगायचंय?"

"साहेबांनी मला कधी अरेतुरे केलं नाही," पत्तेवाले म्हणाले. "पण तो पत्ता त्यांच्या कानावर पडला नव्हता. त्यांनी मागितला, मी शोधून लिहून दिला."

साहेब हळूच म्हणाले, "हे तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"कुणीच नाही, साहेब. तेव्हा मीही तुम्हाला विचारलं नाही, बाईचा पत्ता कशाला हवाय म्हणून."

समितीतल्या एकाने समोरची फाईल मिटली. त्यात विचार करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"हा जबाब तुमच्यावरही उलटेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कळतंय ना?"

"एकतीस वर्षं असलेच कागद वाहतोय, बाई."

लेखनिकाने नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "पत्ता?"

सवयीने त्यांनी खुणांसकट सांगितला: हिरवं फाटक, बाहेर मोडका बाक, तळमजला, डावीकडचं दार. मग जरा थांबून म्हणाले, "शोधायला कुणाला पाठवू नका. मी घरीच असेन."