घास

मुलाचं गाव पार उत्तरेला, जंगलात. सगळीकडं सुईसारख्या पानांची झाडं, सरळ, काळपट आणि एकसारखी. आमच्याकडचा आंबा वाकून, पसरून आपला स्वभाव दाखवतो. ही झाडं मात्र वारा आला तरी ताठ उभी असतात, जणू आपलं बोलणं चोरून ऐकतायत. मला ती पटत नाहीत.

आज आमच्या हिचं वर्षश्राद्ध. भात आणि वडे अंगणातल्या कठड्यावर ठेवले आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा आला नाही. आला एक राखाडी, गुबगुबीत पक्षी. त्यानं माझ्याकडं तिरकं बघितलं, वड्याचा तुकडा उचलला आणि न खाताच झाडाच्या सालीत खुपसून ठेवला.

"चोर आहे हा," मी म्हणालो.

"कावळ्याच्याच जातीतला आहे, बाबा," सून म्हणाली. "बर्फाच्या दिवसांसाठी साठवून ठेवतो."

"माझी समजूत घालू नकोस. घास शिवला तर खायला पाहिजे. हिच्या मनात काहीतरी राहिलंय."

"आई तरी कुठं लगेच खायच्या? गोडधोड झाकून ठेवायच्या, उद्याला म्हणून."

शिकलेली माणसं गोड बोलून गप्प करतात, हे मला ठाऊक आहे. तरी पक्षी परत आला तेव्हा मी उरलेला वडा त्याच्यापुढं सरकवला आणि तोंड फिरवून बसलो. खाताना कुणी बघितलेलं हिला आवडत नसे.