पाटावरचं लांब कानांचं जनावर

सैनिकांच्या सरकारी कार्यालयातून आलेलं एक पत्र मी दाबून ठेवलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चोपड्याजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. गावातल्या माजी सैनिकांची नावं शाळेच्या भिंतीवर रंगवायची आणि सव्वीस जानेवारीला त्यांना पुढे खुर्च्या द्यायच्या, असं ठरलं. यादी माझ्याकडे आली. पाच जणांनी कागद दाखवले, पदकं दाखवली. सहावे आबा. केळीच्या मळ्यात राबायचे, लेकीसोबत राहायचे. ते रिकाम्या हातांनी आले.

"मास्तर, मी बी फौजमा व्हतू. मनं नाव लिखा."

"कागद?"

"पूरमा गयात."

"कुठल्या लढाईत होता?"

"लढाई नही. खेचरं व्हतात मनाकडे. डोंगरवर रसद लई जावानी."

बंदुकीचं नाव न काढणारा फौजी मी पाहिला नव्हता. पलटणीचा आकडा मात्र त्यांनी धडाधड सांगितला, आणि तेच मला जास्त खटकलं. पाठ केल्यासारखं वाटलं. मी तो आकडा टिपून घेतला, 'कागद मागवतो' म्हणालो आणि सैनिकांच्या कार्यालयाला पत्र टाकलं. खरं सांगतो, खात्री करायला नव्हे, त्यांना उघडं पाडायला.

मग पोळा आला. ज्यांच्या दारात बैल नाहीत ते मातीचे बैल आणून पुजतात. आबांच्या घरात मी मुद्दाम डोकावलो. पाटावर मातीचं जनावर होतं, पण त्याला शिंगं नव्हती आणि कान चांगले बोटभर लांब. पुढे पुरणपोळीचा निवद. मला वाटलं, सापडला! धुळ्याकडच्या एखाद्या वीटभट्टीवर गाढवं हाकली असणार यांनी. ग्रामपंचायतीत मी तसं बोललोही. सरपंचांनी मांडीवर थाप मारली.

"गधडाले निवद दाखाडस, तो कशाना फौजी!"

आठ दिवसांत बठ्ठा म्हणजे अख्खा गाव त्यांना 'भट्टीवाला फौजी' म्हणू लागला. भिंतीवर पाचच नावं रंगली.

समारंभाला दोन दिवस राहिले असताना पाकीट आलं. आबांचं नाव, पलटण, खेचरांची तुकडी, पूर्ण नोकरी, वर्तणूक चांगली. सगळं खरं. पेंटर गावातच होता, रंगाचा डबाही उघडा होता. पण गाढवांची गोष्ट माझ्या तोंडून निघालेली. मी पत्र हजेरीपटात सारलं.

झेंडावंदनाला पाच जण खुर्च्यांवर बसले. आबा मागे हातपंपाशी उभे. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्यांच्या टाचा जुळल्या. पाचांतल्या एकाचंही उभं राहणं तसं नव्हतं.

त्यानंतर संशय माझ्यावर उलटला. पोस्टमन म्हणाला, "सरकारी पाकीट होतं, मास्तर. काय निघालं?" मी म्हणालो, "परीक्षेचं." तो हसला, की मला तसं वाटलं? पारावर कुणी कुजबुजलं तरी माझे कान टवकारायचे.

एकदा बांधावर आबाच भेटले.

"मास्तर, मना कागद ऊना का?"

"सरकारी काम आहे आबा, वेळ लागतो."

"लागू द्या," म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. त्यांना कळलं होतं का, हे मला अजून माहीत नाही.

माझी बदली धुळ्याला झाली. आबा गेल्याचं पुढे तिथेच कळलं. पाटावर दर पोळ्याला ते जनावर असायचंच म्हणे. माझ्या डोक्यात खेचर आणि गाढव एकच होतं. ज्याच्या पाठीवर त्यांची नोकरी झाली त्याला ते बैलाचा मान देत होते, एवढं मला सुचलं नाही.

पत्र माझ्याजवळ आहे. त्यांची लेक त्याच गावात राहते. ते पत्र तिच्या हातात द्यायचं, मी ते का दडवलं हे तिच्या तोंडावर सांगायचं, आणि भिंतीवर सहावं नाव रंगवून घ्यायचं. एवढं माझ्याकडून राहिलं आहे.