पुंडलिकने मार खाल्लेलं गाव

तळेगावहून निरोप घेऊन आलेल्या माणसाने मला सिंदीच्या स्टेशनबाहेर गाठलं आणि म्हणाला, "पुंडलिकभाऊले बैलानं मारलं." आणि मी चक्क हसलो. त्याला कारण होतं. पुंडलिक आणि मी सरकारी नोकरीत पंधरा वर्षं जोडीने माश्या पकडल्या, आणि तेवढ्या काळात त्याला न मारलेला प्राणी वर्धा जिल्ह्यात शिल्लक नव्हता. गांधीलमाश्यांनी त्याचा कान भाकरीएवढा केला होता, समुद्रपूरच्या बसस्टँडवरच्या कुत्र्याने पोटरी फाडली होती, आणि न्हाणीच्या भिंतीत डोकावतो म्हणून एका म्हातारीने त्याच्या पाठीत मुसळ घातलं होतं. प्रत्येक मार तो पुढे आठवडाभर ऑफिसात करून दाखवायचा, म्हातारीच्या आवाजासकट. त्यामुळे बैल म्हटल्यावर मला वाटलं, आता नवा खेळ पाहायला मिळणार... "हासता काय भाऊ? मेले ना ते!" निरोप्या म्हणाला. त्याला आता पाच आठवडे झाले.

आमची माशी म्हणजे वाळूमाशी. डासाच्या निम्मीही नाही, अंगभर लव, पंख उभे धरून बसणारी, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी. बैलांच्या कोठ्यातल्या मातीच्या भिंतीला भेग पडली की ती तिथे राहायला येते. आम्ही बॅटरीचा झोत भेगेवर धरायचो, काचेची नळी तोंडात धरायचो आणि हळूच श्वास ओढून माशी नळीत घ्यायचो. पोटात रक्त असलेली मादी जिवंत हवी. ती नागपूरला अंडी घालणार, त्यातून अळ्या होणार, आणि त्या अळ्यांची गुणसूत्रं तपासून साहेब सांगणार की माशी कोणत्या कुळाची. कारण दिसायला सगळ्या सारख्याच, पण एक कूळ ताप पसरवतं आणि दुसरं नुसतंच चावतं. कोणतं कूळ कुठे राहतं, त्याचा नकाशा आम्ही भरत होतो. "आपुन सोयरीकच पाहून राह्यलो बे," पुंडलिक म्हणायचा. "गाव इचारा, कूळ इचारा, अन् पोरगी डब्यात घाला!"

आणीबाणी उठल्यानंतरच्या पावसाळ्यात समुद्रपूरकडच्या एका गावात लेकरं मरायला लागली. दुपारी अंगणात खेळणारं लेकरू तापाने फणफणायचं, झटके द्यायचं आणि दुसरा दिवस पाहायचं नाही. तीन गेली होती. फवारणीची औषधं थोडी होती, ती कुठल्या गावांना द्यायची हे आमच्या माश्यांवर ठरणार होतं. पण तेव्हा सरकारी जीप दिसली की बाप्ये पऱ्हाटीच्या शेतात पळायचे, नसबंदीवाले आले म्हणून. या गावातले पळाले नाहीत. पुंडलिक नळी तोंडात धरून कोठ्यात उभा असताना वीस-पंचवीस जण आत घुसले. पुढे गणपत. त्याची पोरगी चार दिवसांपूर्वी गेलेली. "लेकरं मरून राह्यले अन् तुमी बाप्ये कापाले आले?" असं ओरडून त्याने बैल हाकायच्या तुतारीचा दांडा सरळ पुंडलिकच्या तोंडावर हाणला. काच तोंडातच फुटली. ओठ उभा चिरला, दोन दात शेणात पडले, मग लाथा सुरू झाल्या, कुणीतरी बरगडीवर नाचलं. आणि मी? मी कोठ्याच्या दारासमोरच्या जीपखाली होतो, आणि तिथून मला सगळं छान दिसत होतं. पुंडलिकने हात उचलला नाही. फुटकी नळी मुठीत घट्ट धरून तो रक्त थुंकत म्हणाला, "बावा, तुह्या पोरीले जिनं मारलं, तिलेच धराले आलो मी." लाथा थांबल्या. मूठ उघडली तेव्हा माश्या रक्तात बुडून मेल्या होत्या.

आठ दिवसांनी परत यायचं ठरलं. जीपखालून निघालेला मी आता ऐटीत होतो. सरपंचाला म्हणालो, "पुंडलिकसाहेब पुन्हा येतील. गाव जरा नीट ठेवा." त्या बिचाऱ्यांना झाल्या प्रकाराची लाज वाटत होती. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडे बाया काय करतात? आम्ही पोचलो तर अख्खं गाव ताज्या शेणमातीने लिपलेलं, कडेने चुन्याचे पट्टे, कोठ्यांच्या दारात रांगोळ्या! भेग म्हणून औषधाला उरली नव्हती. बैल हंबरत होते, सरपंच हात जोडून उभा होता, आणि पुंडलिकने वळून माझ्या कानफटात अशी ठेवून दिली की मी रांगोळीत बसलो. "काऊन सांगतलं बे त्याहिले? काऊन?" मग कोपऱ्यातली सब्बल उचलून तो ओल्या भिंतीवर तुटून पडला. मातीचे लपके उडत होते, टाके घातलेला ओठ पुन्हा फाटला होता, बाया रडत होत्या. भिंतीत काही नव्हतं.

गणपतनेच त्याच्या हातातली सब्बल धरली. "माह्या घरी या साहेब," तो म्हणाला. "माही बायको भितीले हात लावू देत नाई. पोरीचे पंजे हायेत तिच्यावर." गेल्या पोळ्याच्या लिपणाला पोरीने ओल्या मातीत पंजे उमटवले होते, आणि पुढे भिंत वाळताना त्यांच्यामधून भेग गेली होती. गणपतने बॅटरी धरली. पुंडलिकने नऊ माद्या घेतल्या, एकही पंजा न खरवडता. त्या जिवंत पोचल्या. कूळ तापाचंच निघालं. फवारणी त्या गावात आणि नदीकाठच्या पुढच्या गावांत झाली, आणि त्या पावसाळ्यात तिथे चौथं लेकरू गेलं नाही. मला मारलेल्या थपडेबद्दल पुंडलिकने कधी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही...

तेरवीच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी घर लिपून काढलं होतं, कोठा तेवढा तसाच होता. शेणमातीची बादली दारात ठेवून त्या उभ्या होत्या. "दर खेपेले पह्यले ते भेगा पाहत, मंग मी लिपत जाओ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी अर्धीच भीत झालती पाहून, अन् मांगून बैल बिथरला. बाकीची तुमी पाहून द्या, भाऊजी. मंग लिपतो."

बैल विकलेला नव्हता. तिथेच दाव्याला रवंथ करत उभा होता, शिंगं ही एवढी. मी त्याच्याकडे पाठ केली आणि उरलेल्या भिंतीकडे तोंड केलं.